ट्रकच्या शेपटीचं लोखंड

१९८०च्या दशकात अमेरिकेत टोयोटाचा छोटा पिकअप घेणाऱ्याला गाडीच्या मागे बंपर मिळेलच अशी खात्री नसे. पुढे बंपर असे. मागे हौदा संपला की फाळका, त्याच्याखाली चासीच्या दोन दांड्यांची टोकं आणि त्यांच्या मधोमध टांगलेली स्टेपनी. बंपर हवा असेल तर डीलर वेगळे पैसे घेऊन पायरीसारखा एक पत्रा बसवून देई. तो भाजीच्या पिशव्या चढवताना पाय ठेवायला ठीक होता. खडकावर आपटला की वाकून फाळक्यालाच अडकायचा.

ही रिकामी जागा कशी उरली, याची गोष्ट कोंबडीपासून सुरू होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या सामायिक बाजारपेठेने स्वस्त अमेरिकी कोंबडीवर जबर जकात बसवली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३मध्ये उलट जकात जाहीर केली. ती बटाट्याच्या स्टार्चवर, डेक्स्ट्रिनवर, ब्रँडीवर आणि हलक्या मालवाहू गाड्यांवर होती. रोख होता फोक्सवॅगनवर. बाकीच्या वस्तूंवरची जकात पुढे उठली, ट्रकवरची २५ टक्के मात्र आजवर टिकून आहे आणि तिचा फटका मुख्यतः जपान्यांना बसला. त्यांनी वाट शोधली. हौदा नसलेली, नुसती केबिन आणि चासी आणली तर जकात ४ टक्केच लागे. म्हणून सांगाडा जपानहून यायचा आणि हौदा अमेरिकेत चढायचा. टोयोटाचे हौदे १९७२पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला बनू लागले. १९८०मध्ये जकात खात्याने ही पळवाट बुजवली, पण तोवर गाडीचा मागचा भाग अमेरिकेत पोहोचल्यावर पूर्ण करायचा, ही रीत पडून गेली होती.

कायद्याचीही आडकाठी नव्हती. १९७०च्या दशकात अमेरिकेने मोटारींच्या बंपरला ताशी पाच मैलांची धडक सोसण्याचे नियम लावले (१९८२मध्ये ते अडीच मैलांवर उतरले), ते प्रवासी मोटारींसाठी. पिकअपला मागे बंपर असलाच पाहिजे, असं सरकारने कधी म्हटलं नाही.

अशा रीतीने लाखो गाड्यांच्या शेपटीला मोकळी जागा राहिली, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात गॅरेजमध्ये वेल्डिंग मशीन ठेवणाऱ्या माणसांची वाण नव्हती. त्यातही १९७९ ते १९८५च्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या त्यांच्या विशेष लाडक्या, कारण त्यांचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड होता. १९८६पासून पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर गेली आणि खडकवाल्या मंडळींनी नाक मुरडलं. सिएरा नेवाडातली रुबिकॉनची वाट किंवा युटामधल्या मोॲबचे वाळूखडकाचे कट्टे अशा ठिकाणी हे पिकअप वर्षानुवर्षं फिरत आहेत. कट्ट्यावरून उतरताना पुढची चाकं खाली जातात, मागची उतरतात आणि शेवटी शेपूट दगडावर बसतं. रुबिकॉनच्या ग्रॅनाइटवर हौद्याचे मागचे कोपरे चेपलेला ट्रक दिसला की मालकाने बंपरचं काम पुढे ढकललं होतं, हे ओळखावं.

आता हा बंपर करायचा काय? शहरी मोटारीचा बंपर धडक सोसून स्वतः चेपायचा असतो. आडवाटेवरच्या ट्रकच्या बंपरने चेपून चालत नाही. त्याच्यावर उंच जॅक लावून गाडीची मागची बाजू उचलतात. त्याच्या हुकात पट्टा अडकवून चिखलात रुतलेली दुसरी गाडी ओढतात, किंवा हीच गाडी मागे ओढून घेतात. त्याच्यावरून दगड घासत जातात. मोठी स्टेपनीही बऱ्याचदा त्याच्याच खांद्यावर येते. थोडक्यात, गाडीच्या मागून येणारा सगळा जोर या लोखंडातून चासीत जातो. बंपर बनवणारा नवशिक्या बहुतेक वेळा लोखंडाच्या जाडीवर डोकं लावतो. जाडी फारशी चुकत नाही. चुकतं ते लोखंड आणि चासी यांच्यामधलं.

आधी कोन पाहू. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथून बंपरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंत रेघ ओढली की ती जमिनीशी जो कोन करते, तेवढ्या चढाचा खडक उतरताना गाडीला शेपूट न टेकवता झेपतो. ठोकळ हिशेब असा: चाकापासून बंपर एक मीटर मागे आणि जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असेल, तर कोन सुमारे २७ अंश. तोच बंपर १२ सेंटिमीटर वर चढवला आणि १५ सेंटिमीटर हौद्याच्या जवळ सरकवला, तर ३६ अंश. नऊ अंशांसाठी कित्येक जण गाडी उंच करणारी, महागडी स्प्रिंग घेतात. इथे ते नुसत्या मापाने मिळतात. म्हणून जाणकार बंपर चासीच्या टोकांना चिकटून, फाळका जेमतेम उघडेल इतकंच अंतर ठेवून बसवतात आणि खालची कड पुढे कलती कापतात, म्हणजे दगड लागला तरी अडकत नाही, घसरतो. काही धाडसी लोक हौदाच मागून कापून आखूड करतात. तो वेगळाच उद्योग आहे.

सामान साधं असतं. अमेरिकेतला सर्वांत रूढ कच्चा माल म्हणजे २ इंच बाय ६ इंचांचा चौकोनी पाइप, भिंत ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. त्याचं वजन फुटाला साडेनऊ पौंड भरतं. पाच फुटांचा तुकडा २१ किलोचा. पाव इंची भिंत घेतली तर तोच २८ किलोवर जातो. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे टांगलेल्या वजनाचा हिशेब वेगळा असतो. अडीच मीटर चाकअंतराच्या गाडीत अ‍ॅक्सलमागे एक मीटरवर १०० किलो लोखंड लटकवलं, तर मागच्या चाकांवर १४० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून ४० किलो उचलले जातात. खड्या चढावर पुढची चाकं आधीच हलकी झालेली असतात, तिथे हे ४० किलो चांगलेच जाणवतात. बंपर, स्टेपनीचा हात, दोन पेट्रोलचे डबे, फावडं आणि वर जॅक असा सगळा संसार शेपटीला बांधलेले ट्रक फोटोत रुबाबदार दिसतात. चढावर त्यांचं स्टीअरिंग हलकं पडतं. माझं मत विचाराल तर ३/१६ची भिंत घ्यावी आणि वाचलेलं वजन जोडाच्या प्लेटांवर खर्च करावं.

लोखंड कापण्याआधी पुठ्ठा कापावा. अमेरिकी फॅब्रिकेटर थट्टेने याला 'कार्डबोर्ड एडेड डिझाइन' म्हणतात. चासीच्या टोकाला पुठ्ठा धरून भोकांच्या जागा पेन्सिलीने उमटवून घ्यायच्या, एक्झॉस्टचा पाइप आणि दिव्यांच्या वायरी कुठून जातात ते पाहायचं आणि फाळका पूर्ण खाली पाडून बघायचा. फाळका खाली पाडून बघणं बरेच जण विसरतात. जुन्या ट्रकची दोन टोकं एका पातळीत असतीलच असंही नाही. तीस-चाळीस वर्षांत कुणीतरी कुठेतरी मागे आपटलेलं असतं. त्यामुळे गाडी सपाट फरशीवर उभी करून हौद्यावरून, चासीवरून आणि जमिनीवरून अशी तिन्ही मापं घ्यावीत. ती जुळली नाहीत, तर बंपर हौद्याच्या कडेला समांतर ठेवावा, कारण डोळा तिथेच जातो.

आता मुख्य मुद्दा, जोर चासीत कसा उतरतो. समजा, ओढायचा हुक बोल्टांच्या ओळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली आहे आणि रुतलेली गाडी काढताना त्यावर ४ टनांचा ताण आला. हा ताण बंपरला सरळ मागे ओढतोच, शिवाय त्याला खालून उलटवू पाहतो. उलटवणारा हा पीळ होतो ४०० किलोग्रॅम-मीटर, दोन दांड्यांत वाटला की प्रत्येकी २००. आता एका बाजूचे दोन बोल्ट एकमेकांपासून १० सेंटिमीटरवर असतील, तर हा पीळ थोपवायला प्रत्येकाला २ टन झेलावे लागतात. तेच बोल्ट ३० सेंटिमीटर लांब ठेवले, तर ६७० किलोंत भागतं. लोखंड तेवढंच आणि बोल्टही तेच, फक्त प्लेट चासीच्या कडेने पुढे लांब नेली. म्हणून चांगल्या घरगुती बंपरला मागून पाहून काही कळत नाही. खाली वाकून पाहावं. चासीच्या दांड्याला कवटाळून पुढे फूट-दीड फूट गेलेल्या दोन प्लेटा दिसल्या, की करणाऱ्याने हिशेब केला होता असं समजावं.

बोल्ट तुटण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण खरी भीती दुसरीच आहे. अर्धा इंची ग्रेड ८चा बोल्ट (त्याच्या डोक्यावर सहा रेघा असतात; तीन रेघा असल्या तर ग्रेड ५) ताणात तुटायला नऊ टनांहून जास्त जोर लागतो. तो तुटण्याच्या कितीतरी आधी चासीच्या पातळ पत्र्यातलं भोक लांबट होतं. एकदा भोक लांबट झालं की बोल्ट खेळू लागतो, दर धक्क्याला आपटतो आणि भोक आणखी वाढवतो. उपाय दोन. आतल्या बाजूने जाड प्लेटचा आधार द्यायचा, म्हणजे पत्रा दोन प्लेटांत दाबून धरला जातो आणि जोर भोकाच्या कडेऐवजी घर्षणाने जातो. आणि जिथे दांडा बंद पेटीसारखा असेल, तिथे आरपार नळी घालून तिच्यातून बोल्ट न्यायचा. नळी नसेल तर बोल्ट कसताना पेटीच चेपते, मग कितीही कसा, तो सैलच राहतो.

बंपर चासीला सरळ वेल्ड का करू नये? काही जण करतात. पण पातळ पत्र्याला जाड पाइप वेल्ड केला की उष्णतेने वेल्डच्या कडेचा पत्रा कमजोर होतो आणि तडा तिथेच जातो. शिवाय बंपर वाकला, तर तो काढून नीट करता आला पाहिजे, आणि तो वाकणार हे गृहीतच धरायचं असतं.

ओढायच्या हुकांबद्दल सक्तीने सांगावं अशी एक गोष्ट आहे. ट्रेलर जोडायचा गोल बॉल टोचनासाठी कधीही वापरू नये. तो ट्रेलरचं वजन वाहायला केलेला असतो, झटका खायला नाही. ताणलेला पट्टा आणि तुटलेला बॉल मिळून जे होतं, त्याने माणसं मेली आहेत. लोखंडाचा तो गोळा मागच्या गाडीची काच फोडून आत येतो. त्याऐवजी बंपरच्या मधोमध २ इंची चौकोनी रिसीव्हर बसवतात. त्यात शॅकलचा ठोकळा जातो आणि ५/८ इंची आडवी पिन त्याला धरते. कोपऱ्यांकडे शॅकलचे कान हवे असतील तर रूढ माप आहे ३/४ इंची शॅकल. ती पावणेपाच टनांच्या कामासाठी असते आणि तिची पिन ७/८ इंची. हे कान पाइपच्या तोंडावर नुसते चिकटवू नयेत. पाइपला पुढून मागून चीर पाडून प्लेट आरपार घालावी आणि दोन्ही भिंतींना वेल्ड करावी, म्हणजे वेल्डवर सोलण्याचा जोर येत नाही. शक्य असेल तर तीच प्लेट पुढे चासीच्या प्लेटीपर्यंत न्यावी, मग मधला पाइप जोराच्या वाटेतूनच निघतो. मी पाहिलेल्या घरगुती बंपरांपैकी सर्वांत चांगल्यात पाइप जवळजवळ शोभेचा होता.

आता वेल्डिंग. अमेरिकी घरात भिंतीतल्या सॉकेटला १२० व्होल्ट येतात. त्यावर चालणारी लहान मिग मशीन दारं-खिडक्यांना ठीक, पण पावणेपाच मिलिमीटर लोखंडाशी झुंजताना तिचा दम संपतो. म्हणून ही मंडळी वेल्डिंग मशीनची वायर ओढत नेऊन कपडे वाळवायच्या यंत्राच्या सॉकेटला लावतात, कारण २४० व्होल्ट तिथेच मिळतात. आपल्या घरच्या प्रत्येक सॉकेटला २३० व्होल्ट असतात, त्यामुळे ही मौज आपल्याला कळत नाही. कमी करंटने केलेला वेल्ड दिसायला सुरेख असू शकतो आणि तरी खालच्या लोखंडात न शिरता नुसता वर बसलेला असतो. त्याची परीक्षा भंगारात करावी. त्याच जाडीचे दोन तुकडे काटकोनात जोडून हातोड्याने उलटे वाकवावेत. वेल्ड सोलून निघाला तर करंट कमी आहे. तुकडा वाकला आणि वेल्ड टिकला, तर पुढे जावं. लोखंडावरची काळी-निळी पपडी ग्राइंडरने आधी काढावी.

आधी सगळीकडे टाके, मग गुण्या लावून आणि कर्ण मोजून खात्री, मग पक्का वेल्ड. एका टोकाकडून सलग वेल्ड करत गेलं तर गार होताना लोखंड आकसतं आणि पाच फुटांचा पाइप धनुष्यासारखा वाकतो. थोडं इकडे, थोडं तिकडे करत जावं. पाइपची टोकं झाकण लावून बंद करताना खालच्या बाजूला एक भोक राहू द्यावं. नाहीतर आतली तापलेली हवा शेवटचा टाका बंद होताना वितळलेलं लोखंड बाहेर फेकते. हेच भोक पुढे पाणी निचरायला उपयोगी पडतं. वेल्डिंग मशीन गाडीजवळ चालवायची असेल तर बॅटरीची वायर काढावी आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे ते विसरू नये. दोन विषारी गोष्टीही लक्षात ठेवाव्यात. जस्ताच्या मुलाम्याचा पाइप वेल्ड केला तर त्याच्या धुराने थंडी-ताप भरतो. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने लोखंड पुसून लगेच वेल्डिंग केलं, तर ठिणगीच्या प्रकाशात त्या वाफेचा फॉस्जीन होतो. पहिल्या महायुद्धात सैन्यांनी एकमेकांवर सोडलेला वायू तोच. लोखंड पुसायला अ‍ॅसिटोन पुरतं, पण तेही पूर्ण उडून जाऊ द्यावं आणि बाटली लांब ठेवावी.

स्टेपनीचा हात हा या कामातला सर्वांत अवघड भाग. मूळ स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते. ३३ इंची चाकं बसवली की ती तिथे मावत नाही, म्हणून बंपरच्या कोपऱ्यावर बिजागरी करून, दारासारखा उघडणारा हात बनवतात. चाक ३५ किलोंचं आणि हात १५चा धरला, तर ५० किलो बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर लटकतात. साध्या बिजागरीवर हे गोठ्याच्या फाटकासारखं काही महिन्यांत ओघळतं. म्हणून घरगुती कारागीर ट्रेलरच्या चाकाचा स्पिंडल आणि हब आणतात आणि ते उभं वापरतात. त्यात दोन निमुळते बेअरिंग असतात. त्यांच्यात अंतर पाच सेंटिमीटर असेल, तर ३० किलोग्रॅम-मीटरचा पीळ प्रत्येक बेअरिंगला बाजूने ६०० किलोंनी दाबतो, आणि खडबडीत वाटेवर तो दुपटी-तिपटीने वाढतो. बेअरिंगला हे सोसतं. स्पिंडल ज्यात बसवला आहे त्या पाइपच्या वरच्या भिंतीला मात्र सोसत नाही. म्हणून स्पिंडल वरच्या भिंतीतून घालून खालच्या भिंतीपर्यंत न्यायचा आणि दोन्हीकडे वेल्ड करायचा. हात बंद असताना त्याचं मोकळं टोक बंपरवरच्या उताराच्या ठोकळ्यावर चढून बसलं पाहिजे, म्हणजे प्रवासात वजन दोन्हीकडे वाटलं जातं. त्यावर टॉगल क्लॅम्प आणि क्लॅम्पला पिन. पिन नसलेला क्लॅम्प भर रस्त्यात उघडला, तर ५० किलोंचं दार शेजारच्या लेनमध्ये फिरतं.

उंच जॅकसाठीही जागा हवी. अमेरिकेत हा जॅक इंडियानातल्या ब्लूमफील्ड गावचा, शंभर वर्षांहून जुना. दोन टनांच्या आसपास उचलतो, पण त्याची जीभ अरुंद असते आणि ती गुळगुळीत पाइपवरून घसरते. बंपरच्या खालच्या बाजूला जिभेच्या मापाची खाच असलेली जाड प्लेट लावली, की जॅक सरकायला जागा उरत नाही. नंबरप्लेट आणि तिच्यावरचा दिवा बहुतेकांना शेवटी आठवतो. स्टेपनी हातावर चढली की दोन्ही तिच्यामागे झाकले जातात, म्हणून त्यांची जागा पुठ्ठ्याच्या वेळीच ठरवावी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकी मोटारींचे बंपर नियमाने जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात धडक झेलतात. उंच केलेल्या ट्रकचा वर चढवलेला बंपर या पट्ट्याच्या वर जातो. मागून येणारी मोटार सिग्नलला आदळली, तर तिचा बंपर खालून जातो आणि आपलं न वाकणारं लोखंड तिच्या बॉनेटवरून काचेकडे जातं. कित्येक राज्यांत बंपरच्या उंचीला मर्यादा आहे, ती याचसाठी. खडकावर कोन हवा आणि रस्त्यावर उंची नको, हा झगडा पूर्ण मिटत नाही. मधल्या भागात लोखंड खाली ठेवून फक्त कोपरे वर कापले, तर थोडा मिटतो.

आपल्याकडे टोयोटाचा हायलक्स २०२२मध्ये आला, त्याआधी इसुझूचा व्ही-क्रॉस आला, आणि सह्याद्रीच्या पावसाळी वाटांवर असे पिकअप दिसू लागले. पण इथे कायदा कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने याच कलमाच्या आधारे गाड्यांना लावलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर कारवाई करा, असं राज्यांना कळवलं. त्यामुळे वरचं सगळं वाचून कुणी फॅब्रिकेशनवाल्याकडे निघाला असेल, तर आधी आरटीओत विचारावं.

रंगाबद्दल दुकानदार पावडर कोटिंग सुचवतील. ते देखणं असतं, पण पहिल्याच दगडाने त्याचा टवका उडतो आणि गंज त्याच्या कडेखालून सरकत जातो. रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर साधा डब्यातला रंग बरा, घासला की पुन्हा मारता येतो. पहिल्या खडबडीत फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसावेत, कारण नवा रंग प्लेटांच्या मधे दाबला जाऊन तेवढे सैल पडतात. मग कापडाने पुसून वेल्डच्या कडा बघाव्यात, आधी स्पिंडलभोवती आणि नंतर चासीच्या प्लेटीच्या पुढच्या टोकाला. तडा गेला असेल, तर रंगात गंजाची बारीक तपकिरी रेघ दिसते. ती फिक्या रंगावर लवकर दिसते, म्हणून काही जण बंपर काळा करतात आणि प्लेटा मुद्दाम राखाडी ठेवतात.